क्रोमखालचा गंज काय सांगतो?

उन्हाळ्यात रविवारी सकाळी एखाद्या पार्किंग लॉटमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरलेला तुम्ही पाहिला असेल. सगळे चकाकणाऱ्या चाकांचे फोटो काढतात. तुम्ही एकदा गंजलेलं चाक शोधा. इतिहास तिथे जास्त सापडतो.

आधी एक गैरसमज दूर करू. क्रोम गंजत नाही. गंजतं ते खालचं पोलाद. आजीच्या पितळी पातेल्याला कल्हई असायची ना, तसाच हा मुलामा. फरक इतकाच, की कल्हईवाला कथील आगीवर चढवायचा आणि इथे ते काम वीज करते. पोलादावर बऱ्याचदा तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोम. हा वरचा थर जेमतेम अर्धा मायक्रॉन. आपला केस त्याच्या शंभरपट जाड भरेल. त्यात बारीक भेगा असतातच. म्हणजे चमक क्रोमची, पण राखण निकेलची.

1920 च्या दशकाच्या मध्यापर्यंत गाड्यांवर नुसतं निकेल असायचं. ते पिवळट पडायचं, सारखं पॉलिश मागायचं. कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी क्रोम भरवशाने चढवण्याची पद्धत बसवली. 1926 मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि काही वर्षांतच अमेरिकन गाड्या क्रोमने झळकू लागल्या.

मग जून 1950 मध्ये कोरियात युद्ध पेटलं. जेट इंजिनांना निकेल हवं होतं, म्हणून सरकारने गाड्यांसाठीच्या निकेलवर निर्बंध घातले. कारखान्यांनी तांब्यावरच क्रोम चढवलं आणि वरून पारदर्शक लॅकर मारलं. लॅकर झिजलं, की गंज वर! म्हणून 1951-52 च्या गाड्यांचं क्रोम जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये आजही बदनाम आहे. हजारो मैलांवरचं युद्ध असं चाकावर उमटलं.

आता चाक दुरुस्त करायचं कसं? वरवरचा गंज असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. मग चाक कोरडं करून मेण लावा. पापुद्रे सुटले असतील तर मात्र सगळे थर काढून नव्याने मुलामा द्यावा लागतो.

या नव्या मुलाम्याची किंमत फक्त डॉलरमध्ये मोजू नका. पारंपरिक पद्धतीत हेक्झाव्हॅलंट क्रोमियम वापरतात. त्याने कॅन्सर होतो. जुन्या कारखान्यांत त्याच्या वाफाऱ्याने कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडायची. अमेरिकेत कामाच्या जागी हवेत त्याचं प्रमाण घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, हा नियम यायला 2006 साल उजाडलं.

आणखी एक गंमत बघा. 1952 च्या चाकावर आज निकेलसकट मुलामा दिलात, तर ते कारखान्यातून निघालं तेव्हा होतं त्यापेक्षाही भारी होईल. चाक सुंदर दिसेल, पण युद्धाची खूण पुसली जाईल. गाडी तुमची, निर्णयही तुमचाच. फक्त घासायला घेण्याआधी त्या गंजाचा एक फोटो काढून ठेवा.