मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि ख्रिस्ती विद्यार्थी

दहावीनंतरच्या शिक्षणासाठी शासनाकडून मिळणाऱ्या आर्थिक साहाय्यास सरकारी भाषेत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतात. तिचा आरंभ १९४४ सालचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि अनुसूचित जातींच्या मुलांना महाविद्यालयापर्यंत पोहोचता यावे म्हणून सरकारने तरतूद करावी, असा आग्रह त्यांनी धरला होता. आज ही योजना केंद्र व राज्य मिळून चालवितात. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींसाठीच्या योजनेस पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यातील ६० टक्के वाटा केंद्राचा ठरला.

आपल्या धर्मग्रामातील मुलामुलींना यातून काय मिळते, या प्रश्नाला मात्र एक उत्तर नाही. एकाच मिस्साबलिदानाला एका बाकावर बसणाऱ्या तीन विद्यार्थ्यांना कायदा तीन निरनिराळ्या दारांशी उभे करतो. चुकीचे दार ठोठावले तर वर्ष वाया जाते.

पहिला आदिवासी विद्यार्थी. डहाणू-तलासरीचा वारली असो वा नंदुरबारचा भिल्ल, बाप्तिस्मा घेतल्याने त्याचा अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. ६ सप्टेंबर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात जमातींसाठी धर्माची अट नाही. ‘ख्रिस्ती झालात, आता सवलत संपली’ असे गावोगावी सांगितले जाते व पालक ते खरे मानून मुलाचा अर्ज अल्पसंख्याक म्हणून भरतात. हे मोठे नुकसान आहे, कारण आदिवासी विकास विभागाची शिष्यवृत्ती (पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास) अधिक भक्कम आहे आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी ‘स्वयम्’ योजनेतून भोजन-निवासाची रक्कमही मिळू शकते. धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळावे, अशी मागणी काही संघटना करीत असतात; परंतु मागणी म्हणजे कायदा नव्हे.

येथे खरी अडचण जात वैधता प्रमाणपत्राची आहे. पाळकाने दिलेले नाव अर्जावर दिसले की पडताळणीत प्रश्न उभे राहतात, रूढी-परंपरांची उजळणी घेतली जाते. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केले की, अशी आत्मीयता चाचणी ही प्रत्येक दाव्याची अंतिम कसोटी ठरू शकत नाही; संविधानपूर्व काळातील कागदपत्रांना अधिक वजन आहे. म्हणून आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल, तहसील कार्यालयातील गाव नमुना १४ म्हणजेच कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र हे सर्व अकरावीतच शोधावे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील उतारा वंशावळ जुळविण्यास उपयोगी पडतो. जमातीचा पुरावा म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

दुसरा विद्यार्थी अहिल्यानगर किंवा जालना जिल्ह्यातील दलित ख्रिस्ती कुटुंबातला. त्याची कथा वेगळी व दुःखद आहे. १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही अट काढून टाकण्याची शिफारस केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला. गावकुसाबाहेरचे घर, तीच मजुरी, तोच अपमान. शिष्यवृत्ती तेवढी शेजारच्या घराला. १० ऑगस्ट हा दिवस दलित ख्रिस्ती बांधव काळा दिवस म्हणून का पाळतात, हे यावरून कळावे. महाराष्ट्रात अशा कुटुंबांना इतर मागासवर्गाचे दार उघडे आहे. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र मागितले जाते तेथे तेही वेळेत काढावे लागते.

तिसरा विद्यार्थी वरील कोणत्याही प्रवर्गात न बसणारा. त्याच्यासाठी केंद्राने २००७ मध्ये अल्पसंख्याक मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली : उत्पन्न मर्यादा दोन लाख, मागील परीक्षेत ५० टक्के गुण, मुलींसाठी ३० टक्के वाटा. कोटा लोकसंख्येनुसार असल्याने राज्यातील सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्तींच्या (२०११ ची जनगणना) वाट्याला थोड्याच जागा येत. पुढे तपासणीत १,५७२ पैकी ८३० संस्था बनावट किंवा बंद आढळल्या आणि २०२३ मध्ये प्रकरण सीबीआयकडे गेले. मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती डिसेंबर २०२२ मध्येच बंद झाल्याचे जाहीर झाले होते. लबाडी कोणी केली आणि किंमत कोणी मोजली, हे सांगायला नको. अशा परिस्थितीत केंद्राच्या योजनेवर भरवसा ठेवून प्रवेश घेऊ नये. त्या वर्षी पोर्टल खुले आहे का, हे आधी पाहावे.

राज्याच्या योजना अधिक खात्रीच्या आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते. मुलींसाठी ही सवलत २०२४-२५ पासून पूर्ण १०० टक्के झाली आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश या लाभात बसत नाही आणि अनेक पालकांना हे शुल्क भरून झाल्यावर समजते.

अर्ज ‘महाडीबीटी’वर दरवर्षी नव्याने अथवा नूतनीकरणाने भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा हवा. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येते. खाते जोडलेले नसेल तर मंजूर झालेला पैसाही अडकून पडतो. नावातील फरक ही आपल्या समाजाची खास डोकेदुखी. दाखल्यावर एक, आधारवर दुसरे व बाप्तिस्म्याच्या नोंदीत तिसरे नाव असल्यास राजपत्रातून दुरुस्ती करून घ्यावी लागते आणि त्यास वेळ लागतो. ते काम दहावीचा निकाल लागण्यापूर्वीच हाती घेतलेले बरे.