माथेरान आणि ग्रिड तोडणारा माणूस

'ऑफ-ग्रिड' हा शब्द हल्ली ऑफिसात फार कानावर येतो. शुक्रवारी दुपारी लिफ्टपाशी हमखास चर्चा असते... कर्जतच्या पुढे एक लाकडी केबिन आहे, वीज नाही, रेंज नाही, कंदिलाच्या उजेडात जेवण, भाडं मात्र फाइव्ह स्टारचं :)

कल्पना नवी वाटते, पण मुंबईकरांच्या बाबतीत ती पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौक गावाकडून एक डोंगर चढला. वर झाडीच झाडी, साधारण अडीच हजार फूट उंची आणि मुंबईच्या घामातून सुटका. साहेब खूश! त्याने पुन्हा येऊन वाटा पाडल्या, घर बांधलं. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनला जागा आवडली आणि माथेरानात बंगले उठू लागले. आपण शाळेत शिकतो की मॅलेटने माथेरान 'शोधलं'. धनगर, ठाकूर, कातकरी त्या डोंगरावर आधीपासूनच वावरत होते, पण त्यांनी कुठे रिपोर्ट लिहून ठेवला नाही ना!

आता प्रोग्रामरच्या डोक्यात येणारा प्रश्न. रस्ता नाही, गाडी नाही, तर साहेबांचा पलंग, पियानो, सोडावॉटर वर पोचलं कसं? उत्तर सोपं आहे, माणसांच्या डोक्यावरून आणि तट्टांच्या पाठीवरून. बायका-मुलं पालखीत, म्हणजे पुन्हा माणसांच्याच खांद्यावर. आपण एखादं फंक्शन कॉल करतो आणि आत काय चालतं ते बघत नाही, तसलाच प्रकार. वरच्या माणसाला शांतता दिसते, खालचा लेयर दिसत नाही.

१९०७ साली आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर नेली. सुमारे एकवीस किलोमीटरची नागमोडी वाट आणि तिच्यात एकच बोगदा. त्याने प्रवास सोपा झाला खरा, पण स्टेशनापासून बंगल्यापर्यंतचं ओझं हमालाच्याच डोक्यावर राहिलं. मोटारींना बंदी, म्हणून हातरिक्षा आल्या. एक जण पुढून ओढणार, मागून एक-दोघे ढकलणार, तेही लाल मातीच्या चढावर.

याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ ला एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मला. लोक त्यांना भाई म्हणत. वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले, आजूबाजूच्या शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींसाठी धान्यकोठ्या आणि शाळा काढल्या. थंड हवेच्या गावात वकिली करून सुखात राहता आलं असतं. पण १९४२ ची चळवळ पेटली तेव्हा भाई भूमिगत झाले आणि कर्जत-मुरबाडकडच्या तरुणांचा 'आझाद दस्ता' उभा राहिला.

दस्त्याने काय केलं माहीत आहे? सह्याद्रीतल्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले! त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे चालायची, आणि युद्धाच्या काळात हे दोन्ही सरकारसाठी मोलाचे. डोंगरातल्या मूठभर पोरांनी शहराची नस बरोबर ओळखली होती. करवती आणि अंधार, एवढंच भांडवल.

सरकारने मागावर पोलीस लावले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात दस्त्याला घेरलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच गोळीबारात गेले. भाईंचं वय जेमतेम तीस. म्हणजे आपल्यातले बरेच जण पहिल्या होमलोनच्या फाइली घेऊन फिरतात ते वय.

मला यात राहून राहून एक गोष्ट जाणवते. मॅलेटसाहेब ग्रिडपासून दूर गेला तो स्वतःच्या आरामासाठी, आणि त्याचा भार दुसऱ्यांनी वाहिला. भाईंनी ग्रिड अक्षरशः तोडला, आणि त्याची किंमत स्वतः मोजली. दोघांचा डोंगर एकच!

आणि ओझ्याची गोष्ट १९४७ ला संपली असं समजू नका. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. झाडं वाचली, छानच झालं. हातरिक्षा मात्र चालूच राहिल्या. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढणं अमानुष आहे, सहा महिन्यांत हे बंद करा, ई-रिक्षा आणा आणि ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा. आपल्या 'अनस्पॉइल्ट' वीकएंडला बॅटरी लागणार म्हणून नाक मुरडणारे पाहिले की हसू येतं. ज्याच्या छातीचा भाता त्या चढावर फुटत होता त्याला विचारा, मोटर हवी की निसर्गरम्य शांतता?

असो. केबिनमध्ये जरूर जा, मोबाईल बंद ठेवा, चांदण्या मोजा. फक्त आंघोळीचं गरम पाणी कोणी तापवलं, लाकडं कोणी फोडली, सिलेंडर कोणी चढवला, एवढं विचारून या. आणि हमालाशी वीस रुपयांसाठी घासाघीस नको. एखाद्या थंडीत जमलं तर माथेरानऐवजी सिद्धगडाकडे वळा. तिथे हुतात्म्यांचं स्मारक आहे. रेंजचं विचाराल तर... दोन मिनिटं नसली तरी चालेल.