अमेरिकेतला रमजान : नोकरी, शाळा आणि रोजा

आपल्याकडे रमजान आला हे कुणाला सांगावं लागत नाही. मगरिबची अजान घरात ऐकू येते, बाजारात खजूर आणि फळांच्या गाड्या लागतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी यातलं काहीच नसतं. तिथे रमजान चालतो तो मोबाइलच्या अलार्मवर आणि मशिदीच्या वेळापत्रकावर.

प्यू रिसर्च सेंटरच्या २०१७ च्या अंदाजानुसार अमेरिकेत सुमारे ३४.५ लाख मुस्लिम होते, म्हणजे लोकसंख्येच्या १.१ टक्के. तरीही दहापैकी आठ जणांनी आपण रमजानचे रोजे ठेवतो असं सांगितलं.

रोज्याची वेळ : न्यूयॉर्कमध्ये जूनचा रोजा साधारण १७ तासांचा, तर डिसेंबरचा ११ तासांच्या आसपास असतो. शिवाय मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे घड्याळं एक तास पुढे करतात. २०२५ मध्ये हे ऐन रमजानमध्ये झालं. इफ्तार एकदम तासभर उशिरा आली, पण सहरीही तेवढीच पुढे गेली. रोजा काही लांबला नाही.

चाँद : फिकह कौन्सिल ऑफ नॉर्थ अमेरिका खगोलीय गणितावर तारीख ठरवते, तर काही मशिदी चाँद डोळ्यांनी पाहूनच. त्यामुळे एकाच शहरात कधी कधी दोन ईद होतात.

नोकरी : १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार कर्मचाऱ्याच्या धर्मपालनासाठी मालकाने शक्य ती सवलत द्यायची असते. म्हणून अनेक जण जेवणाची सुट्टी न घेता लवकर घरी जाण्याची मुभा मागतात. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा हक्क आणखी भक्कम केला. तो खटला रविवारी काम करायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती टपाल कर्मचाऱ्याचा होता, पण फायदा सगळ्यांनाच झाला.

शाळा : खरी कसोटी मुलांची. बालिग होईपर्यंत रोजा फर्ज नाही, पण हौस असतेच. अशा वेळी पालकांनी शिक्षकांना आधीच चिठ्ठी द्यावी. जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीत बसू द्यावं, खेळाच्या तासाला पळवू नये, एवढंच लिहिलं तरी पुरतं. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांना दोन्ही ईदची सुट्टी देण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. बऱ्याच ठिकाणी मात्र ती अजून मागूनच घ्यावी लागते.

मुलांना सांगण्यासारखं एक उदाहरण आहे. बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवान रोजा ठेवून एनबीएचे सामने खेळायचे. फेब्रुवारी १९९५ रमजानचा होता, आणि त्या महिन्याचे सर्वोत्तम खेळाडू तेच ठरले.

आम्ही शिक्षक एक गोष्ट रोज बघतो. मूल ज्याची लाज बाळगतं ते हळूहळू सोडून देतं, आणि जे चारचौघांत समजावून सांगू शकतं ते टिकवतं. वर्गात एकट्याच रोजेदार असलेल्या मुलाला हे बळ घरातूनच मिळायला हवं.

मार्चमध्ये न्यूयॉर्कला इफ्तार होते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचारच्या आसपास वाजलेले असतात, म्हणजे सहरीची वेळ. तिकडच्या नातवंडांना फोन लावायला याहून चांगली वेळ कुठली?