एका आंकड्याचा इतिहास

साठी उलटलेला गृहस्थ रक्ततपासणीचा कागद घेऊन घरीं येतो, चष्मा चढवितो, आणि एका ओळीपाशीं त्याची नजर अडते. 'पी. एस. ए.' या अक्षरांपुढें ६.१ असा आंकडा, आणि शेजारीं चारपर्यंतची मर्यादा छापलेली. त्या रात्रीं घरांत कोणास नीट झोंप येत नाहीं. परंतु ही चारची मर्यादा आली कोठून, आणि ती ओलांडल्यानें काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, हें समजण्यास त्या आंकड्याचा पूर्वेतिहास पाहणें अवश्य आहे.

मूत्राशयाच्या खालीं, मूत्रमार्गाला वेढून बसलेली प्रोस्टेट नांवाची ग्रंथि तरुणपणीं अक्रोडाएवढी असते. व्हेनिसचा शरीरशास्त्रज्ञ निक्कोलो मास्सा यानें १५३६ सालीं तिचें वर्णन केलें. सुश्रुतसंहितेंत मूत्राघाताच्या प्रकारांत जी 'वाताष्ठीला' सांगितली आहे, तिचा संबंध अलीकडील वैद्य याच ग्रंथीच्या वाढीशीं लावतात. उतारवयांत ही ग्रंथि वाढणें हें केस पिकण्याइतकेंच सामान्य होय. लघवीची धार मंदावणें, रात्रीं दोनतीनदां उठावें लागणें, हे तिचे परिणाम. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचें कर्करोगांत रूपांतरही होत नाहीं.

१८५३ सालीं लंडन हॉस्पिटलचे शस्त्रवैद्य जॉन ॲडम्स यांनीं सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें या ग्रंथीच्या कर्करोगाची निश्चिति केली, तेव्हां तो फार दुर्मिळ रोग आहे असें त्यांनीं नमूद केलें. आज त्याच रोगाची गणना पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत होते. मनुष्य अधिक जगूं लागला आणि शोधणाराची दृष्टि तीक्ष्ण झाली, हें या पालटाचें मुख्य कारण. १९३५ सालीं बाल्टिमोर येथील आर्नोल्ड रिच यांनीं शवविच्छेदनांवरून एक विलक्षण गोष्ट दाखविली. अन्य कारणांनीं मरण पावलेल्या कित्येक वृद्धांच्या ग्रंथींत हा रोग सुप्तावस्थेंत होता, आणि त्यांना त्याचा जन्मभर पत्ताही नव्हता. पुढील सर्व वादाचें बीज या निरीक्षणांत आहे.

रक्तांतून या रोगाची वार्ता मिळूं शकते, हें १९३८ सालीं गटमन दांपत्यानें दाखविलें. रोग हाडांपर्यंत पसरला असतां रक्तांतील 'ॲसिड फॉस्फेटेज' वाढतें, असें त्यांना आढळलें. त्याच मापाचा उपयोग करून शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ सालीं सिद्ध केलें कीं, पुरुषी संप्रेरकाचा पुरवठा तोडल्यास हा रोग ओसरतो. या कार्याबद्दल त्यांना १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु ॲसिड फॉस्फेटेज बोले तें उशीरा. तोंवर रोग दूर गेलेला असे.

१९७९ सालीं बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेंत वांग, चू व त्यांचे सहकारी यांनीं ग्रंथींतून एक प्रथिन शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें. तेंच पी. एस. ए. १९८६ सालीं अमेरिकन सरकारनें ही तपासणी मान्य केली, ती रोग झालेल्यांवर नजर ठेवण्यापुरती. निरोगी मानलेल्या पुरुषांच्या रक्तांत जें प्रमाण आढळलें, त्यावरून मिलिलिटरमागें चार नॅनोग्रॅम ही मर्यादा घेतली गेली. पुढें १९९१ सालीं विल्यम कॅटलोना यांनीं रोग शोधण्यासाठीं तिचा उपयोग दाखविला, आणि १९९४ सालीं त्यालाही मान्यता मिळाली. जें साधन रोग्याच्या देखरेखीसाठीं जन्मलें, तें निरोग्यांच्या दारोदार फिरूं लागलें.

येथेंच गफलत झाली. हें प्रथिन कर्करोगाचें नसून ग्रंथीचें आहे. ग्रंथि नुसती वाढली, तिला सूज आली, लघवी तुंबली किंवा नळी घातली, तरी तें रक्तांत चढतें. कॅटलोना यांच्याच पाहणींत चार ते दहा या टप्प्यांतील पुरुषांचे तुकडे तपासले, तेव्हां सुमारें पांचांपैकीं एकासच कर्करोग निघाला. वय वाढेल तशी मर्यादाही सरकते. १९९३ सालीं ओस्टरलिंग यांनीं चाळिशींत २.५, तर सत्तरींत ६.५ अशी पायरी सुचविली. उलट, २००४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत चार किंवा त्याहून कमी आंकडा असलेल्यांपैकीं सुमारें १५ टक्क्यांत रोग सांपडला. म्हणजे चारची रेघ इकडेही फसविते आणि तिकडेही.

किंमत पुरुषांनीं मोजली. ज्यांचा सुप्त रोग कधींच जागा झाला नसता, अशांवरही शस्त्रक्रिया झाल्या. कित्येकांचा लघवीवरील ताबा गेला, कित्येकांचें दांपत्यसुख हरपलें. हें प्रतिजन १९७० सालीं वर्णन करणारे रिचर्ड ॲब्लिन यांनींच २०१० सालीं सरसकट तपासणीस जाहीर विरोध केला. २०१२ सालीं अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळानें ती करूं नये असें सांगितलें. २०१८ सालीं ५५ ते ६९ वर्षांच्या पुरुषांनीं वैद्याशीं बोलून स्वतः ठरवावें, असा पालट केला.

तरी तपासणी निरर्थक नाहीं. युरोपांतील मोठ्या प्रयोगाच्या २३ वर्षांच्या निष्कर्षांत, ४५६ पुरुषांना तपासणीस बोलाविल्यास एक मृत्यु टळला, असें २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. एका घरचा कर्ता वांचणें ही लहान गोष्ट नव्हे. दुसरीकडे, ब्रिटनमधील १,६४३ रोग्यांच्या अभ्यासांत शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा केवळ देखरेख, कोणताही मार्ग धरला तरी १५ वर्षांत या रोगानें मेलेले शेंकडा सुमारें तीनच होते. हे २०२३ सालचे आंकडे ग्रंथीपुरत्या मर्यादित रोगाचे आहेत.

तेव्हां त्या गृहस्थानें कागद पुन्हा उलगडावा, पण घाईनें नव्हे. कांहीं आठवड्यांनीं तपासणी पुन्हा करावी. मूत्रमार्गांत जंतुदोष आहे का, हें पाहावें. ग्रंथीच्या वाढीसाठीं फिनॅस्टराइड घेत असल्यास वैद्यास सांगावें, कारण तें औषध हा आंकडा सुमारें निम्म्यावर आणतें. वडिलांस किंवा भावास हा रोग झाला असल्यास तेंही लपवूं नये. तुकडा काढण्यापूर्वीं आतां एम. आर. आय. चित्र घेतां येतें. आणि रोग निघालाच, तर डोनाल्ड ग्लीसन यांनीं १९६६ सालीं सांगितलेल्या श्रेणीवरून तो मवाळ कीं उग्र, हें समजतें. तो आंकडा म्हणजे निकालपत्र नव्हे. वैद्यापुढें शांतपणें मांडावयाचा तो पहिला प्रश्न आहे.