स्वतःच्याच रक्ताची साक्ष

'अंगावर पित्त उठणे' हा शब्दप्रयोग मराठी घरांत इतका रुळला आहे की त्यात एक निदान दडलेले आहे, हे सहसा जाणवत नाही. 'माधवनिदाना'त शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांना स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे या गांधींची तुलना गांधीलमाशीच्या दंशाशी केलेली आढळते. युरोपात 'अर्टिकेरिया' हे नाव 'अर्टिका' या खाजऱ्या वनस्पतीवरून आले. नावे कशीही असोत, रुग्णाला विचारला जाणारा प्रश्न एकच: काय खाल्ले होते? मग आमसुलाचे पाणी अंगाला लावायचे आणि वांगी, अंडी, मासळी एकेक करून ताटातून हद्दपार करायची. गांधी सहा आठवड्यांहून अधिक काळ उठत राहिल्या की दुखणे जुनाट ठरते. अशा दुखण्यात हे पथ्य वर्षानुवर्षे चालते आणि दोष बहुधा रुग्णाच्याच जिभेवर येतो.

अन्नावरचा हा संशय निराधार मात्र नव्हता. 1921 मध्ये प्राउस्निट्स आणि क्यूस्टनर या जर्मन वैद्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. क्यूस्टनर यांना शिजवलेली मासळी सोसत नसे. प्राउस्निट्स यांनी त्यांच्या रक्तातील रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. गांध उठली. रोगाची प्रवृत्ती रक्तद्रवातून वाहून नेता येते, हे सिद्ध झाले. पण गुन्हेगार अजून बाहेरचाच होता.

1986 मध्ये ब्रिटनमध्ये क्लाइव्ह ग्रॅटन आणि सहकाऱ्यांनी जुनाट गांधींच्या रुग्णांना त्यांचाच रक्तद्रव टोचून पाहिला. मासा नाही, परागकण नाही, तरीही काहींच्या त्वचेवर गांध उठली. 1993 मध्ये हिदे, ग्रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी त्यामागचे एक कारण दाखवले: काही रुग्णांचे प्रतिपिंड त्यांच्याच मास्ट पेशींवरील ग्राहकांना चिकटतात, आणि त्या पेशी हिस्टामिन सोडतात. 'स्व' आणि 'पर' यांतला भेद शरीरच विसरते.

या चाचणीला फारशी सामग्री लागत नाही. गोठलेल्या रक्तातून रक्तद्रव वेगळा करायचा आणि त्याचा 0.05 मिलिलिटर अंश हाताच्या त्वचेत टोचायचा. तुलनेसाठी शेजारी सलाइन आणि हिस्टामिन टोचायचे. अर्ध्या तासाने रक्तद्रवाची गांध सलाइनच्या जागेपेक्षा किमान 1.5 मिलिमीटरने मोठी आणि लाल असेल, तर चाचणी सकारात्मक. नेरूळचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. किरण गोडसे यांनी 2004 मध्ये या चाचणीवरील आपला अभ्यास त्वचाविज्ञानाच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. खाडीकाठी सिडकोने वसवलेल्या तरुण शहरातून असे काम होऊ शकले, यात चाचणीच्या साधेपणाचाही वाटा असावा.

तरीही ही साक्ष अंतिम नव्हे. काही निरोगी माणसांतही चाचणी सकारात्मक येते. गांध उठली म्हणजे प्रतिपिंड सापडलेच, असे होत नाही. चाचणी नकारात्मक आली म्हणून दोष पुन्हा अन्नावर जात नाही. उपचाराची सुरुवातही बहुधा दोन्ही निकालांत हिस्टामिनविरोधी गोळ्यांनीच होते.

मग या चाचणीने दिले काय? 'कारण अज्ञात' असा शिक्का बसलेल्या काही रुग्णांना कारणाची एक दिशा मिळाली. वर्षानुवर्षे ताटाकडे संशयाने पाहणाऱ्या माणसाला, आपण काही चुकीचे खाल्ले म्हणून हे झाले नाही, एवढे कळणे हा लहान दिलासा नव्हे.