नावाचा अर्थ कोशात नसतो

बारसे ठरले की हल्ली पहिला प्रश्न येतो, ‘नावाचा अर्थ काय?’ चांगल्या अर्थाचे तेच चांगले नाव, हे त्यामागचे गृहीतक. केरबा, धोंडिबा, भिकाजी ही अडाणी काळाची नावे. ती पोराच्या माथी मारू नयेत, असे शिकलेले घर ठामपणे म्हणते. जर्मन नावे पाहा, फ्रीडरिशमध्ये शांतता आणि सत्ता, विल्हेल्ममध्ये संकल्प आणि शिरस्त्राण, असाही दाखला देता येईल. हा पूर्वपक्ष टिकत नाही.

दाखल्यापासूनच सुरुवात करू. हेडविग या जर्मन नावाचे दोन्ही तुकडे ‘लढाई’ याच अर्थाचे. अर्थ पाहून कोणी मुलीचे नाव ‘लढाई-लढाई’ ठेवील काय? जुने जर्मन लोक घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावातला तुकडा उचलून नव्या नावात गुंफत. नवव्या शतकातल्या हस्तलिखितात टिकलेल्या हिल्डेब्रांटच्या वीरकाव्यात आजा हेरिब्रांट, बाप हिल्डेब्रांट आणि मुलगा हाडुब्रांट आहे. आरंभी ‘ह’, शेवटी ‘ब्रांट’. नाव ऐकताच घराणे कळावे, एवढेच त्याचे काम.

आपल्याकडेही वेगळे नव्हते. महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात पतंजलीने याज्ञिकांचा नियम नोंदवला आहे: नावाचा पहिला वर्ण घोष असावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा यावा, अक्षरे दोन किंवा चार असावीत आणि नाव तीन पिढ्यांच्या पूर्वजांना अनुसरणारे असावे. नाद आणि नाते, दोन्ही पाहिले. मंगल अर्थाची अट तिथे नाही. ती मनुस्मृतीत आहे, हे खरे. पण त्याच श्लोकात ब्राह्मणाला मंगल नाव आणि शूद्राला निंद्य नाव ठेवायला सांगितले आहे. नावाच्या अर्थावरून माणसाची पायरी ठरवण्याची ही रीत आहे. केरबाला हिणवताना आपण तीच गिरवतो.

आता बीड जिल्ह्याकडे या. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याची त्वरिता देवी पंचक्रोशीला ठाऊक आहे. ‘त्वरित’ म्हणजे लवकर, हे शोधून कोणी तिच्या पायरीवर डोके टेकत नाही. परळीच्या वैजनाथावरून इथे वैजनाथ नाव घरोघर आढळते. आष्टी तालुक्यात सावरगावला मच्छिंद्रनाथांची समाधी, म्हणून मच्छिंद्र. या नावात मासा आहे, हे हाक मारणाऱ्या आईच्या मनातही येत नाही. तिच्या मनात देव असतो, बोललेला नवस असतो.

केरबाचेही तसेच. आधीची लेकरे दगावली की नव्या जिवाला केरात ठेवून उचलत आणि केरू म्हणत. काळाची नजर पडू नये, हीच धडपड. जगावे म्हणून दिलेले हे नाव. याउलट ‘नकुशी’. मुलगी नको होती, म्हणून ते नाव. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींची नावे बदलली गेली, ते योग्यच झाले. कोशाच्या दृष्टीने दोन्ही नावे हीनच. एकामागे माया, दुसऱ्यामागे झिडकार. भेद अर्थाचा नाही, हेतूचा आहे.

मग नव्या नावांचे काय? ‘आरव’चा अर्थ याद्यांमध्ये ‘शांत’ असा देतात. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका. तरी त्या नावाने पोराचे काही बिघडत नाही, कारण आईबापांनी ते प्रेमाने ठेवले आहे. माझे म्हणणे यानेच सिद्ध होते. धोंडो हे नाव धोंड्यावरून आले म्हणा किंवा धुंडिराजावरून. धोंडो केशव कर्वे यांना 1958 साली भारतरत्न मिळाले, ते त्यांच्या कामामुळे.

म्हणून बारशाआधी याद्या धुंडाळण्यापेक्षा आजीला विचारा: घरात कोण होते, कोणाचा नवस होता, कोणाचे नाव पुढे चालवायचे राहून गेले? नवे नाव ठेवायचे तर खुशाल ठेवा. पण आजोबांचे नाव धोंडिबा असेल, तर ते सांगताना आवाज खाली आणू नका.