खानदेशांतील कूटप्रश्न व त्यांचीं उत्तरें

वात्स्यायनाच्या कामसूत्रांतील चौसष्ट कलांच्या यादींत 'प्रहेलिका' व 'प्रतिमाला' या दोन कला लागोपाठ येतात. प्रहेलिका म्हणजे कोडें, प्रतिमाला म्हणजे आपल्या भेंड्या. पहिलींत युक्तीची परीक्षा होते, दुसरींत स्मृतीची. दंडीनें काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदांत प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले. पंडितांनीं पुढें अंतर्लापिका व बहिर्लापिका असाही भेद मानला. अंतर्लापिकेचें उत्तर तिच्या शब्दांतच दडलेलें असतें. बहिर्लापिकेचें बाहेरून आणावें लागतें. कोडीं टिपावीं आणि उत्तरें सोडावीं, ही चूक संग्राहकांकडून सहज घडते. ती किती घातक आहे, तें या भेदावरून कळतें.

खानदेशापुरतें पाहूं. चाळीसगांव तालुक्यांतील पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखांत, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिल्याची नोंद आहे. लीलावतींतील भुंग्यांचीं व हंसांचीं उदाहरणें अंतर्लापिकेच्या जातीचीं होत. संख्या हरवली तरी पुन्हां गणितानें काढतां येते. याच्या उलट प्रकार मुक्ताबाईंचा. तापीकांठच्या मेहूण येथें शके १२१९ मध्यें त्या अंतर्धान पावल्या अशी परंपरा आहे. मुंगी व सूर्य यांवरील त्यांचा कूट अभंग नुसत्या शब्दांच्या बळावर सुटत नाहीं. संप्रदायाची किल्ली लागते. ती किल्ली वारकऱ्यांनीं निरूपणांतून जपली, म्हणूनच अभंग आजही बोलतो.

घरगुती कोड्यांना असा संप्रदाय नाहीं. अहिराणी व लेवा बोलींतील आजीबाई नातवंडांस जीं कोडीं घालीत, त्यांचीं उत्तरें मोट, पाभर, जातें, मुसळ अशीं नित्याचीं साधनें असत. मोट विहिरीवरून गेली, जातें घरांतून गेलें. वस्तूच न पाहिलेल्या मुलास कोडें सांगून उपयोग काय? जें एके काळीं लेंकरांस सुटे, तें आतां विद्वानांस सुटत नाहीं. आमच्या मतें हा बहिर्लापिकेचा मृत्यु होय.

दूरचित्रवाणीनें या दोन्ही कला पुन्हां मांडल्या. इ. स. १९९३ मध्यें झी वाहिनीवर अंताक्षरी आली, २००० मध्यें 'कौन बनेगा करोडपति', आणि २०१३ मध्यें 'कोण होईल मराठी करोडपती'. पहिली उघडच प्रतिमाला आहे. दुसऱ्या दोहोंस कोणी प्रहेलिका म्हणेल, तर तें मान्य होण्याजोगें नाहीं. चार पर्याय पुढें ठेवल्यानें प्रश्न अंतर्लापिका होत नाहीं. उत्तर डोळ्यांपुढें असूनही तें ओळखण्याचा आधार प्रश्नांत नसतो, तो स्मृतींतूनच आणावा लागतो. युक्तीस वाव आहे, पण तो पर्याय गाळण्यापुरता.

तथापि या खेळांचा एक गुण संशोधकानें घेण्यासारखा आहे. तेथें प्रश्नाबरोबर उत्तरही सांगितलें जातें, आणि ध्वनिचित्रमुद्रणांत दोन्ही एकत्र राहतात. जळगांव व धुळें जिल्ह्यांत कोडीं गोळा करणारांनीं एवढें तरी करावें: कोड्याखालीं उत्तर लिहावें, वस्तु नाहींशी झाली असल्यास तिचें वर्णन व उपयोग द्यावा, आणि शक्य तर आकृति काढावी. उत्तराविना टिपलेलें कोडें हें कुलूप होय. किल्ली ज्या वृद्धांपाशीं आहे, त्यांस आजच विचारलें पाहिजे.